हातपाठ

कास्त्रोच्या इस्पितळात, मागच्या अंगाला,
खाडीकडे उघडणाऱ्या खोलीत माझी दुपारची पाळी.
चिलोए बेटावर खिडक्या पुसून उपयोग नसतो,
मीठ परत येऊन बसतं.

एदेल्मिरा चिगुआयची आणि माझी
गाठ रोज पहिल्यांदा पडते.
"नाव काय गं तुझं?"
रोसाल्बा, मी सांगते.
"माझ्या मावशीचं होतं." आणि तेच हसू,
काल वापरलेलं, तरी घडी न मोडलेलं.
गेल्या हिवाळ्यात ताप मेंदूत शिरला,
निघताना एक जागा जाळून गेला,
जिथे आलेला दिवस पायपुसण्यावर उभा राहतो
आणि ओळख पटली की आत घेतला जातो.
आता दिवस येतात. दारातूनच परततात.

पण जिन्यापाशी एक फरशी बोटभर वर आलीये.
इथे आली त्या आठवड्यात तिथेच ठेचकाळली होती.
आता पाऊल आपसूक उचलतं,
"या बाजूला मी कधी आलेच नाही," म्हणता म्हणता.

जन्मभर फेरीबोटीच्या तिकिटखिडकीत बसलेली बाई,
जाळ्याला हात लावला नव्हता कधी.
मी सुई दिली, सुतळी दिली, एक घर विणून दाखवलं.
पहिल्या दिवशी तेवढ्यालाच चहा निवला.
आता चहा निवेतो अकरा घरं.
"मला नाही हो येत हे,"
आणि म्हणेपर्यंत बारावं.

समोर बेलार्मिनो नाउएल्किन.
एक्केचाळीस वर्षं जाळी विणली त्याने.
रक्त साकळलं ते मागे, टोपीच्या काठाखाली,
लहान मेंदूत.
त्याला सगळं आठवतं: कुठल्या होडीचं जाळं,
कुठल्या सालचं, कुणी पैसे बुडवले,
कालच्या धड्यात मी कुठे चुकले तेसुद्धा.
फक्त सुई घरापर्यंत पोचत नाही,
किंवा पोचून पुढे निघून जाते,
उतरायचं ठिकाण विसरलेल्या उतारूसारखी.
त्याला तोंडपाठ आहे, हातपाठ राहिलेलं नाही.
"डावीकडून घे, अंगठा खाली," तो तिला सांगतो.
तिने आधीच डावीकडून घेतलेलं असतं.
त्याचा तिळपापड होतो. मग हसतो.
मग बराच वेळ खिडकीकडे बघतो.

गुरुवारी ओनोफ्रे येतो. तिचा दीर.
पिशवीत सफरचंदं, केस नीट विंचरलेले,
आवाज मऊ.
ती हात पुढे करते: "आपण कधी भेटलो नाही ना?"
आणि खुर्ची वीतभर मागे सरते.
तिला विचारलं, तर म्हणते, बरा वाटला माणूस.
त्या दिवसाचं जाळं मी संध्याकाळी उलगडून पाहते.
सगळ्या निरगाठी. कात्रीशिवाय एक सुटत नाही.

दर गुरुवारी वीतभर.
मेण लावलेल्या फरशीवर
खुर्चीच्या पायांचे चार ओरखडे, एकावर एक.
काय झालं होतं, कधी, मला ठाऊक नाही.
जिला ठाऊक असेल
तिच्यापाशीच ते नाही,
आहे ते तिच्या टाचांपाशी, मनगटापाशी,
जिथे साक्ष घ्यायला कुणी बसत नाही.
डॉक्टर विचारतात, काही आठवतं का?
रकान्यात लिहितात, नाही.
खरंच आहे ते. तरीही.

या गुरुवारी बेलार्मिनोने ओरखडे पाहिले.
उठायला गेला, पाय भलतीकडे पडले,
टेबलाची कड पकडून, जड झालेल्या जिभेने
एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाला,
"भेटायची वेळ संपली."
साडेतीन वाजले होते. वेळ पाचपर्यंत असते.
घड्याळ त्याला नीट कळतं.
मी घड्याळाकडे पाहिलं, आणि म्हटलं, हो, संपली.

नंतर रजिस्टरमध्ये, रकान्याच्या बाहेर,
एकच शब्द लिहिला: खुर्ची.
कुणी विचारलं तर सांगेन.

एदेल्मिराने सुतळी दाताने तोडली,
सफरचंदाची पिशवी कोपराने लांब ढकलली, न बघता,
आणि माझ्याकडे वळली.
"नाव काय गं तुझं?"